एका गिऱ्हाइकाचा कारखाना

पनवेलहून रोह्याला जाणारी रेल्वे रसायनी, आपटा, हमरापूर, पेण, नागोठणे करत कुंडलिकेच्या काठी येते. या एका मार्गावर माल विकण्याच्या दोन अगदी वेगळ्या तऱ्हा नांदतात. पेण-हमरापूरच्या कारखान्यांत गणपती घडतात. मुंबईच्या एका व्यापाऱ्याने पाठ फिरवली तरी ठाण्याचा, पुण्याचा किंवा परदेशी मूर्ती धाडणारा दुसरा कोणीतरी उभा असतो. रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीतल्या रसायन कारखान्यांचेही तेच. एक गिऱ्हाईक तुटले तर ते दुसरे शोधतात. रसायनीला मात्र हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्सच्या आवारात एक पदार्थ असा तयार होत आला, की त्याला देशात मोठे गिऱ्हाईक एकच. तो पदार्थ म्हणजे डायनायट्रोजन टेट्रॉक्साइड. इस्रोच्या पीएसएलव्ही अग्निबाणाचा दुसरा टप्पा, जीएसएलव्हीचे बाजूचे चार बूस्टर आणि एलव्हीएम-३ चा मधला एल-११० टप्पा विकास इंजिनांवर चालतात, आणि त्या इंजिनांत इंधन जाळायला हाच ऑक्सिडायझर लागतो. १४ जुलै २०२३ रोजी चांद्रयान-३ घेऊन निघालेला अग्निबाण एलव्हीएम-३ च होता. हे रसायन विषारी आहे, साधारण २१ अंशांना उकळते, आणि इस्रोने ते उचलले नाही तर रंगाच्या किंवा औषधाच्या कारखान्याच्या दारात नेऊन विकता येत नाही.

संरक्षण आणि अवकाश क्षेत्रातल्या कंत्राटांचे मोठे दुखणे या एका उदाहरणात सापडते, असे माझे म्हणणे आहे. सरकार एकटेच गिऱ्हाईक असते तिथे ते नुसता माल घेत नसते. तो माल उद्या पुन्हा बनवता येण्याची क्षमताही त्यालाच हवी असते. आपल्या निविदा मालाची किंमत पैशापर्यंत काटेकोर ठरवतात. क्षमतेच्या किमतीला त्यांत रकानाच नसतो. ती किंमत मग कोणी ना कोणी भरतो: कधी पुरवठादार, कधी सैन्य, कधी थेट मंत्रिमंडळ. हे एकतर्फी मांडणे सोपे आहे, म्हणून इथे दोन माणसे समोरासमोर बसवली आहेत. एक पेणचे, सरकारी खरेदीच्या फायली तपासण्यात नोकरी घालवलेले लेखापरीक्षक. दुसरे धाटावचे छोटे रसायन कारखानदार. माणसे कल्पित आहेत, त्यांच्या तोंडची उदाहरणे खरी आहेत.

लेखापरीक्षक: "शेठ, सगळ्यात कमी दर त्याचे काम, हा नियम कोणाच्या हट्टापायी आलेला नाही. मार्च १९८६ मध्ये बोफोर्सशी ४१० तोफांचा करार झाला आणि दलालीच्या आरोपांनी देशाचे राजकारण ढवळून निघाले. अतिमहत्त्वाच्या व्यक्तींसाठीच्या हेलिकॉप्टरांचा २०१० चा करार २०१४ मध्ये रद्द करावा लागला. अधिकाऱ्याच्या हातात 'योग्य वाटेल तो दर' द्यायची मुभा दिली की काय होते, ते आम्ही फायलींत पाहिले आहे. कमी दराचा नियम आंधळा आहे म्हणता ना? आंधळा आहे म्हणूनच तो कोणाचे तोंड बघत नाही."

कारखानदार: "साहेब, तोफांचेच घ्या. त्या करारानंतर सैन्याला नवी मोठी तोफ मिळायला किती वर्षे गेली? हलक्या एम-७७७ तोफांचा करार २०१६ चा, के-९ वज्रचा २०१७ चा. तीस वर्षे. पैसे कोणी खाल्ले नाहीत हे सिद्ध करण्यात तीस वर्षे तोफ आली नाही. या खर्चाची नोंद तुमच्या कुठल्या परिच्छेदात आहे?"

लेखापरीक्षकांचा मुद्दा मला टाळायचा नाही. सार्वजनिक पैसा खर्च करणाऱ्याला आपला निर्णय तिऱ्हाइताला पटवून देता आला पाहिजे, आणि आकड्यांची तुलना हा पटवून देण्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे. पण हा मार्ग चालतो तो विकणारे पाच आणि घेणारे पन्नास असतील अशा बाजारात. तिथे आज हरलेला विक्रेता उद्या दुसरीकडे जिंकतो, त्याचा कारखाना चालू राहतो आणि पुढच्या वेळी तो पुन्हा बोली लावायला येतो. घेणारा एकच असला की हरलेला विक्रेता परत येत नाही. त्याची यंत्रे भंगारात जातात, कारागीर पांगतात. पहिल्या निविदेत चुरस दिसते, दुसऱ्या निविदेत एकच लिफाफा उरतो. स्पर्धेचा नियमच स्पर्धा संपवतो, आणि कागदावर मात्र प्रत्येक पायरी निर्दोष असते. अमेरिकेसारख्या मोठ्या खरेदीदारालाही हे चुकलेले नाही. शीतयुद्ध संपल्यावर मागणी आटली आणि तिथल्या ५१ मोठ्या संरक्षण कंपन्यांच्या विलीनीकरणातून अखेर ५ उरल्या, असे त्यांच्याच संरक्षण खात्याने २०२२ च्या अहवालात लिहिले आहे.

लेखापरीक्षक: "मग स्पर्धा नको म्हणता? तो प्रयोगही झाला आहे. हिंदुस्थान एरोनॉटिक्सला विमानांच्या ऑर्डरी नेमून दिल्या जातात, निविदेची कटकट नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये ८३ तेजस मार्क-१ए विमानांचा करार झाला. पहिले विमान मार्च २०२४ पर्यंत यायचे होते. २६ सप्टेंबर २०२५ ला मिग-२१ निवृत्त झाले, तरी हवाई दलाच्या हातात नव्या तेजसपैकी एकही पडलेले नव्हते. एकही प्रकल्प वेळेत झाल्याचे आठवत नाही, असे खुद्द हवाई दल प्रमुखांनी मे २०२५ मध्ये जाहीरपणे सांगितले. ऑर्डर हमखास असली की माणूस सुस्तावतो, शेठ. तुम्ही मागता ती हमी म्हणजे सुस्तीला पगार."

हा या वादातला सर्वांत भारी आक्षेप आहे, आणि त्याचे उत्तर तेजसच्याच गोष्टीत दडलेले आहे. विमान रखडण्याची कारणे अनेक होती, त्यांत कंपनीची स्वतःचीही होती. पण एक कारण बारकाईने पाहण्यासारखे आहे. तेजसला जनरल इलेक्ट्रिकचे एफ-४०४ इंजिन लागते. आधीच्या ऑर्डरची ६५ इंजिने देऊन झाल्यावर पुढची मागणी नव्हती, म्हणून कंपनीने २०१६ मध्ये त्या इंजिनाची उत्पादन साखळी बंद केली. ऑगस्ट २०२१ मध्ये ९९ इंजिनांची नवी ऑर्डर गेली तेव्हा पाच वर्षे निजलेली साखळी पुन्हा उभी करावी लागली, जगभरचे सुटे भाग पुरवणारे पुन्हा गोळा करावे लागले. पहिले इंजिन मार्च २०२५ मध्ये मिळाले. जनरल इलेक्ट्रिकसारख्या अवाढव्य कंपनीलाही बंद केलेले उत्पादन सुरू करायला एवढी वर्षे लागत असतील, तर धाटावच्या दोन रिअ‍ॅक्टरवाल्याची काय कथा? म्हणजे लेखापरीक्षक दाखवतात तो उशीर हमी दिल्यामुळे झाला असे सरसकट म्हणता येत नाही. त्यातला एक मोठा हिस्सा पाच वर्षे हमी नसल्यामुळे झाला. २०१६ मध्ये थोड्या इंजिनांची ऑर्डर चालू ठेवणे महाग वाटले असेल. त्या न केलेल्या खर्चाचे बिल लढाऊ तुकड्या कमी होत असताना आले.

नाशिकजवळ ओझरला हेच वेगळ्या रूपात घडले. तिथे दोनशेहून अधिक सुखोई-३० विमाने बांधली गेली. मंजूर संख्या संपली आणि नव्या विमानांचे काम आटले. डिसेंबर २०२४ मध्ये आणखी १२ सुखोईंचा करार झाला, आणि १७ ऑक्टोबर २०२५ ला तिथल्या तेजसच्या नव्या साखळीतले पहिले विमान उडाले. मधल्या काळात जुन्या विमानांची दुरुस्ती चालू होती, हे खरे. पण विमान जोडणाऱ्या कुशल माणसाचा हात अशा खंडात राहतो की जातो, हे कोणत्याही निविदेत लिहिलेले नसते. संरक्षण उत्पादनाच्या व्यवस्थापनात मला सर्वांत अवघड वाटते ते हेच: मागणी लाटेसारखी येते, आणि कौशल्य मात्र रोजच्या सरावाने टिकते.

कारखानदार: "साहेब, विमाने राहू द्या, माझ्या आवारात या. माझा रिअ‍ॅक्टर महिनाभर कीटकनाशकाचा कच्चा माल काढतो. तुमच्या खात्याला एखादे खास रसायन हवे असते वर्षाला चार-दोन बॅच. त्यासाठी चालू माल थांबवायचा, रिअ‍ॅक्टर, पाइप, गाळण्या धुऊन काढायच्या, शुद्धतेची चाचणी करून घ्यायची, तपासणी अधिकाऱ्याची वाट पाहायची. तोवर दुसरे गिऱ्हाईक निघून जाते. माल गेला की बिलाची वाट. आणि पुढच्या वर्षी पुन्हा नवी निविदा! मी या वर्षी शिकलेले सारे पुढच्या वर्षी दोन रुपयांनी कमी बोलणाऱ्याकडे जाते, आणि तो पहिल्याच बॅचला अडकतो."

लेखापरीक्षक: "बिलाचे म्हणाल तर कायदा तुमच्या बाजूने आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग कायद्याने ४५ दिवसांत पैसे दिलेच पाहिजेत. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. तक्रार करायला परिषद आहे. का करत नाही?"

कारखानदार: "ज्याच्याकडे माझ्या मालाची एकच खिडकी आहे, त्याच्यावरच तक्रार करू?"

हा प्रश्न एका वाक्यात संपतो, आणि तरी सगळा कायदा त्याच्यापाशी अडतो. हक्क कागदावर पूर्ण आहे. तो बजावायचा तर गिऱ्हाईक बदलण्याची ताकद हवी. लघुउद्योगांना अनामत रकमेत सूट मिळाली, ऑनलाइन खरेदी आली, कोणत्या वस्तू देशात बनवायच्या आहेत याच्या याद्या प्रसिद्ध होऊ लागल्या. हे चांगलेच झाले, पण एकमेव गिऱ्हाइकाच्या वजनाला त्यातून धक्का लागत नाही. त्याला धक्का लावायचा तर ते वजन गिऱ्हाइकानेच स्वतःहून करारात उतरवले पाहिजे. १ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या संरक्षण खरेदी नियमावलीत त्या दिशेने पाऊल पडले आहे. नवी वस्तू विकसित होत असताना उशिराचा दंड नाही, नंतरही देशी उत्पादनाला सुरुवातीला नाममात्र दंड, आणि देशात विकसित केलेल्या वस्तूला पाच वर्षांपर्यंत ऑर्डरची हमी. म्हणजे मी मांडतो ते तत्त्व सरकारला तत्त्वतः मान्य आहे. उरला आहे तो क्षमतेच्या किमतीचा स्वतंत्र रकाना.

लेखापरीक्षक: "तो रकाना उघडला की त्यात काय काय शिरेल याची कल्पना आहे? माझगाव गोदीच्या स्कॉर्पीन पाणबुड्या पाहा. ऑक्टोबर २००५ मध्ये सहा पाणबुड्यांचा करार झाला, १८,७९८ कोटींचा अंदाज २३,५६२ कोटींवर गेला, पहिली पाणबुडी २०१२ च्या अखेरीस यायची ती डिसेंबर २०१७ मध्ये नौदलात आली, सहावी जानेवारी २०२५ मध्ये. मोकळा हात दिला की दर असा चढतो."

स्कॉर्पीनच्या फायलीतून मी नेमका उलटा निष्कर्ष काढतो. तिथे हात मोकळा सोडला गेला म्हणून दर चढला नाही. मुख्य करार करताना एक मोठा भाग बाहेर ठेवला म्हणून चढला. गोदीने स्वतः खरेदी करायच्या सामग्रीचा व्यवहार नंतर ठरवायचा, असे ठरले. करार झाल्यावर मात्र त्या पाणबुडीला बसणारी सामग्री कोणाकडून घ्यायची याला पर्याय उरले नव्हते, आणि विकणाऱ्याला ते ठाऊक होते. वाटाघाटीत वर्षे गेली. घासाघीस करायची तर ती सही होण्याआधी, स्पर्धक दारात उभे असताना. पाणतीरांचेही तसेच झाले. निवडलेले पाणतीर त्या हेलिकॉप्टर प्रकरणातल्या कंपनीच्या समूहाचे निघाले, ती खरेदी रद्द झाली, आणि नव्या पाणबुड्या जुन्या पाणतीरांवर चालल्या. दोषी कंपनीला शिक्षा झालीच पाहिजे. पण नौदलापुढे दुसरा पुरवठादार तयार नसताना त्या शिक्षेचा अर्धा भार नौदलानेच उचलला. दुसरा पुरवठादार तयार ठेवायला पैसे लागतात, आणि ते पैसे म्हणजेच क्षमतेची किंमत.

लेखापरीक्षकांच्या भीतीतला खरा भाग मी स्वीकारतो आणि माझी मागणी त्यानुसार आवळतो. क्षमतेची रक्कम मालाच्या दरात मिसळायची नाही. वेगळी दाखवायची, म्हणजे तपासणाऱ्याला ती दिसेल. ती घेणाऱ्याने आपले हिशेब उघडे ठेवायचे. ती ठरावीक वर्षांसाठीच असेल, आणि दरवर्षी प्रत्यक्ष बॅच काढून किंवा भाग बनवून क्षमता शाबूत असल्याचे दाखवावे लागेल. न दाखवल्यास रक्कम बंद. सुस्तीला पगार नको, हे त्यांचे म्हणणे बरोबर आहे, आणि त्यावरचा उपाय पगार बंद करणे नव्हे, कामाची परीक्षा ठेवणे हा आहे. अशा परीक्षेचा निर्णय दिल्लीला फाइल पाठवून होणार नाही, तो जागेवर व्हावा लागेल. रोह्याला याचे उदाहरण शोधायला लांब जावे लागत नाही. कोकण रेल्वे रोह्यापासूनच सुरू होते. १९९० मध्ये तिच्यासाठी वेगळे महामंडळ झाले, ई. श्रीधरन यांच्या हाताखाली मार्गाचे सात विभाग पाडले गेले, प्रत्येकावर मुख्य अभियंता आणि त्याच्या हाती निर्णयाचे अधिकार. रोहा ते ठोकूर ७४१ किलोमीटर, सह्याद्रीच्या कुशीतले बोगदे आणि पूल धरून, २६ जानेवारी १९९८ ला मार्ग जोडला गेला. ठरल्या मुदतीपेक्षा उशीर झाला, गोव्यातल्या आखणीचा वाद आणि पेडण्याच्या बोगद्याने वेळ खाल्ला, हे लेखापरीक्षक सांगतील आणि ते खरे आहे. रेल्वेमार्ग आणि क्षेपणास्त्र एक नव्हे, हेही खरे. तरी अडचण दिसली त्या ठिकाणी उभ्या असलेल्या माणसाने निर्णय घ्यायचा आणि त्याचा जाब नंतर द्यायचा, ही पद्धत आपल्या सरकारी व्यवस्थेत चालू शकते, एवढे तरी त्यातून सिद्ध होते.

आता रसायनीकडे. हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्स १९६० मध्ये सरकारने स्थापन केली, देशाला लागणारी पायाभूत सेंद्रिय रसायने देशातच व्हावीत म्हणून. अनेक उत्पादने एका आवारात असली की वाफ, वीज, पाणी, सांडपाणी यांचा खर्च सगळ्यांवर वाटला जातो. जुनी यंत्रे आणि स्वस्त आयात यांपुढे कंपनीची इतर उत्पादने टिकेनाशी झाली, तसा तो सारा भार उरलेल्या मालावर येऊ लागला. अग्निबाणाच्या रसायनाची मागणी तेवढीच होती, त्याची गरज तेवढीच होती, पण ज्या छपराखाली ते बनत होते ते छप्पर बाजाराच्या हिशेबाने तोट्यात होते. १७ मे २०१७ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने निर्णय घेतला: रसायनीचे न परवडणारे सगळे विभाग बंद, ४४२ एकर जमीन भारत पेट्रोलियमला विकायची, आणि डायनायट्रोजन टेट्रॉक्साइडचा विभाग तेवढा सुमारे २० एकर जमिनीसह, त्यावर काम करणाऱ्या माणसांसह, आहे त्या स्थितीत इस्रोकडे सोपवायचा.

लेखापरीक्षक: "म्हणजे व्यवस्थेने वेळेवर दखल घेतलीच की! क्षमता वाचली."

कारखानदार: "वाचली, साहेब. पण खरेदीच्या करारातून नाही. त्या एका विभागासाठी मंत्रिमंडळाची बैठक लागली. माझ्यासारख्याच्या दोन रिअ‍ॅक्टरसाठी मंत्रिमंडळ बसणार आहे का?"

बसणार नाही, आणि बसूही नये. सरकारी कंपनी बुडताना दिसते. तिची कागदपत्रे संसदेपुढे येतात, कामगार संघटना आवाज उठवतात. अग्निबाणाच्या मोटरचे आवरण कातणारा, विशिष्ट रबराच्या सील बनवणारा, वर्षाला चार बॅच देणारा छोटा पुरवठादार बुडतो तेव्हा खरेदी अधिकाऱ्याला ते पुढच्या निविदेला प्रतिसाद आला नाही म्हणून कळते. म्हणून क्षमतेचा रकाना मोठ्यांपेक्षा छोट्यांच्या करारात आधी यायला हवा, जिथे रकमा लहान आहेत आणि हानी भरून न येणारी.

लेखापरीक्षक: "शेवटचे विचारतो. ही रक्कम कधी थांबवायची? गरज संपल्यावरही चालू राहिलेले अनुदान मी नोकरीभर पाहिले आहे."

याचे उत्तरही रसायनीतच आहे. इस्रो केरोसीन आणि द्रव ऑक्सिजनवर चालणारे सेमी-क्रायोजेनिक इंजिन विकसित करत आहे, आणि एलव्हीएम-३ च्या एल-११० टप्प्याची जागा पुढे त्या इंजिनावर चालणारा टप्पा घेणार आहे. तसे झाले की डायनायट्रोजन टेट्रॉक्साइडची मागणी घटेल, पीएसएलव्ही आणि जीएसएलव्हीपुरती उरेल. ही घट अचानक येणारी नाही, वर्षानुवर्षे आधी दिसणारी आहे. तेव्हा करारातच लिहून ठेवता येते: नवा टप्पा ठरावीक उड्डाणे यशस्वी करील त्या तारखेपासून क्षमतेची रक्कम टप्प्याटप्प्याने कमी होईल, त्या विभागातल्या माणसांना दुसरे काम शिकवण्याचा खर्च तिच्यातूनच होईल, आणि यंत्रे मोडीत काढण्याआधी दोन वर्षे लेखी सूचना द्यावी लागेल. लेखापरीक्षकांना तपासायला तारीख मिळेल, कारखानदाराला नवे गिऱ्हाईक शोधायला वेळ मिळेल. असे कलम आज घालायला कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही.